वार्षिक अंक: मुखपृष्ठ झकास, छपाई भंगार, अकरावी एक नंबर

अंबाजोगाईत माझं डीटीपी-झेरॉक्सचं दुकान आहे. छापलेलं काहीही हातात आलं की मी आधी कागद चोळून बघतो, मग पिना, मजकूर सगळ्यात शेवटी. भाचीच्या ज्युनिअर कॉलेजचा २०२५-२६ चा वार्षिक अंक आला, तोही तसाच बघितला. कॉलेजचं आणि छापखान्याचं नाव लिहीत नाही. गाव लहान आहे, सगळे गिऱ्हाईक आहेत.

छपाईला पाचपैकी दोन स्टार. मुखपृष्ठ लॅमिनेशनवालं, लई भारी. आत उघडलं की रडू येतं. पोरांनी मोबाइलवर युनिकोडमध्ये टाइप केलेला मजकूर जुन्या फॉन्टात ओढलाय, आणि तो फुटलाय. रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसलेत, काही जोडाक्षरांच्या जागी नुसते चौकोन. फोटो व्हॉट्सॲपवरून उचललेले. एनएसएसच्या शिबिरात खड्डा कोण खणतंय आणि टेकून कोण उभंय, काही कळत नाही. आर्टपेपरची रंगीत पानं आहेत, पण ती संस्थाचालक, पाहुणे आणि बारावीचे गुणवंत यांनीच भरली. अकरावी पार मागं, जाहिरातींना खेटून, काळ्यापांढऱ्यात.

आणि वाचण्यासारखं जे काही आहे ते तिथंच आहे.

बारावीवाले बोर्ड आणि सीईटीत अडकलेले, त्यांचे लेख म्हणजे ध्येय, जिद्द, आईवडिलांचे कष्ट. अकरावीकडून कुणाला काही नकोच होतं, म्हणून त्यांनी घडलं तसं लिहिलं. यंदा पहिल्यांदाच सबंध राज्यात अकरावीचे प्रवेश ऑनलाइन झाले, त्यामुळं निम्मा पावसाळा यादीची वाट बघण्यात गेला. मग वर्ग जरा रुळतात तोवर सप्टेंबरचा तो पाऊस. एका पोरानं घरच्या सोयाबीनवर लिहिलंय. वडील गुडघाभर पाण्यात उभे राहून शेंगा फोडून बघतायत, दाण्याला कोंब आलेले, आणि ह्याच्या डोक्यात एकच, की क्लासचा दुसरा हप्ता घरी मागायचा कसा. मागितलाच नाही. लेख तिथंच संपतो. खाली ना कविता, ना सुविचार. झेरॉक्ससाठी थांबलेल्या एका गिऱ्हाइकाला मी तो वाचून दाखवला, तर तो सुट्टे पैसे घ्यायचेच विसरला.

सहलीचा लेख वेगळ्या तऱ्हेचा. एसटीच्या सवलतीच्या, निम्म्या भाड्याच्या गाडीनं वेरूळला गेले, तेही मंगळवारी. मंगळवारी लेणी बंद असतात हे दोघा-तिघांना माहीत होतं, पण सरांना सांगायची हिंमत कुणाची? मग घृष्णेश्वराचं दर्शन घेऊन दौलताबाद. किल्ल्यातल्या अंधारीत मोबाइलच्या बॅटऱ्या लावल्या, वटवाघळं उठली, आणि ज्यांचा वर्गात दरारा तेच सर सगळ्यांच्या पुढं पळाले. हे छापलं म्हणून मी संपादक मंडळाचं कौतुक करणार होतो. भाची म्हणाली, "मामा, सरांनी प्रूफ वाचलंच नाही ना!"

तिचा स्वतःचा लेख दासोपंतांच्या पासोडीवर आहे, म्हणजे आमच्या अंबाजोगाईच्या या संतकवीनं कापडावर लिहिलेल्या ग्रंथावर. अर्धा इंटरनेटवरून उतरवलेला, मामा असलो तरी सांगतो. पण सुमारे चाळीस फूट लांब कापड म्हणजे किती, हे बघायला तिनं आईच्या दोन साड्या गच्चीवर टोकाला टोक लावून अंथरल्या. तरी पुरल्या नाहीत. चार फूट रुंदीच्या त्या कापडावर हातानं लिहिलेला मजकूर आजही वाचता येतो, आणि आमच्याकडं साध्या अंकात रफार जागेवर राहीना.

मुक्तिसंग्राम दिनाचा आणि गॅदरिंगचा अहवाल वाचू नका. दोन्हींत पाहुण्यांची नावं तेवढी आहेत.

अंक सुटा विकत मिळत नाही, पैसे फीमध्येच धरलेले असतात. कुणाच्या घरी आला असेल तर मागून घ्या आणि मागच्या बाजूनं वाचायला घ्या. पुढच्या वर्षीचं काम मला मिळावं म्हणून हा लिहितोय, असं कुणी म्हणेल. मिळालं तर घेईन की. फक्त रंगीत पानांवर अकरावी आधी लावणार, पाहुणे काळ्यापांढऱ्यात.