कंटेनरमधला ड्रोन-कारखाना: कुणी घ्यावा, कुणी थांबावं

वीस फुटी शिपिंग कंटेनर, आत थ्रीडी प्रिंटर, जुळणीचं टेबल, एसी आणि बाहेर जनरेटर. ट्रकवर चढवायचा, हवा तिथे उतरवायचा आणि जागेवरच ड्रोन बनवायचे. लष्करी तुकड्या आणि आपत्ती निवारण पथकं यांच्यासाठी सध्या ही सोय जोरात विकली जातेय. ती काम करते, यात शंका नाही. पण माहितीपत्रकात ज्याला कारखाना म्हणतात, तो प्रत्यक्षात सांगाड्यांचा छापखाना आणि दुरुस्तीची खोली आहे. हे ओळखून घेतला तर पैसे वसूल होतात. नुसती ड्रोनची संख्या वाढवायला घेतला तर निराशा पदरी येते.

यामागचं तंत्र नवं नाही. अमेरिकी लष्कराने २०१२ मध्येच प्रिंटर आणि सीएनसी (संगणकाने चालणारं कापकामाचं) यंत्र बसवलेली कंटेनर-प्रयोगशाळा अफगाणिस्तानात नेली होती. २०१५ मध्ये साउथहॅम्प्टन विद्यापीठाचं दीड मीटर पंखांचं, नायलॉन पावडरीतून छापलेलं सुमारे तीन किलोचं विमान ब्रिटिश नौदलाच्या ‘मर्सी’ जहाजावरून उडालं. सांगाडा छापून उडवता येतो, हे तेव्हाच सिद्ध झालं. आज बघायचं ते एवढंच, की छपाईच्या आधी आणि नंतर काय काय लागतं.

बाजारात दोन जाती आहेत. पहिली पावडरवाली. फायरस्टॉर्म लॅब्ज या अमेरिकी कंपनीचा ‘एक्ससेल’ एचपीच्या मल्टी जेट फ्युजन तंत्रावर चालतो, तो या जातीचा. नायलॉन १२ ची पावडर ०.०८ मिलिमीटरच्या थरांनी पसरते आणि रसायन व उष्णतेने हव्या त्या जागी वितळून जोडली जाते. भाग तिन्ही दिशांना जवळपास सारखेच मजबूत निघतात, आधाराचे खांब लागत नाहीत आणि एकाच खेपेत पूर्ण चेंबर गच्च भरता येतो. सांगाड्याच्या दर्जात याला तोड नाही.

किंमत मोजावी लागते ती इतर बाबतींत. एचपीच्या औद्योगिक प्रिंटरचा चेंबर ३८० × २८४ × ३८० मिलिमीटरचा. दीड मीटरच्या पंखाची एक बाजू ७५० मिलिमीटर, म्हणजे कडेची जागा सोडल्यावर सरळ मांडणीत प्रत्येक बाजूचे तीन तुकडे होतात. ते कार्बन नळीवर ओवून इपॉक्सीने चिकटवायचे. नायलॉन सहजासहजी चिकटत नाही. आधी १२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसा, मगच लावा. आणि पूर्ण ताकद यायला साधारण २४ तास थांबा.

विक्रेत्यांचा ‘२४ तासांत ड्रोन’ हा दावा इथेच अडखळतो. भरलेली खेप छापायला मोडनुसार १० ते १६ तास. त्यानंतर तो गरम ठोकळा थंड व्हायला हवा. नैसर्गिकरीत्या सोडला तर दिवसाहून जास्त, जलद थंड केला तर काही तास. घाईने फोडला तर पातळ, लांब भाग वाकतात, आणि वाकलेला पंख सरळ करायचा उपाय नाही, तो फेकायचाच. पुढे पावडर झाडणं, काचेच्या मण्यांचा मारा, इन्सर्ट (स्क्रूसाठीच्या धातूच्या पुंगळ्या) बसवणं, चिकटवणं, वायरिंग. पंखवाल्या ड्रोनसाठी दोन ते तीन दिवस हा प्रामाणिक आकडा. दुसऱ्या दिवसापासून खेपा एकमेकींच्या मागे लावता येतात, म्हणून रोजचं उत्पादन ठीक दिसतं, पण पहिलं विमान हाती यायला वेळ लागतोच.

पावडरीचं व्यवस्थापन हे वेगळंच काम आहे. दर खेपेला साधारण २० टक्के नवी आणि ८० टक्के वापरलेली असं मिश्रण. दमट हवेत पावडर गुठळते, पसरताना रेघा उमटतात. बारीक धूळ हवेत उडाली तर पेट घेऊ शकते, त्यामुळे अर्थिंग, धुळीसाठी बनवलेला व्हॅक्यूम आणि मास्क यांत तडजोड नको. प्रिंटर पाऊण-एक टनाचा, त्याला थ्री-फेज वीज आणि दहा-बारा किलोवॉट लागतात, वर एसीचा भार वेगळा. कंटेनर जॅकवर नीट लेव्हलला नसेल तर थर बिघडतात. थोडक्यात, रस्ता, डिझेल आणि पक्की जमीन असलेल्या तळासाठीच हा माल आहे.

दुसरी जात फिलामेंटवाली, म्हणजे रिळावरची प्लास्टिकची तार वितळवून थर चढवणारी. २५० मिलिमीटरच्या आसपास बेड (छपाईचा तापणारा पाट) असलेले चार-सहा साधे प्रिंटर, तेही कंटेनरऐवजी पेट्यांमध्ये बसणारे. आपत्तीच्या कामाला आमची पसंती यालाच. दहा इंची पंख्यांचा चौपंखी ड्रोन घेतला, हात म्हणून १६ मिलिमीटरच्या कार्बन नळ्या वापरल्या आणि फक्त क्लॅम्प, मधली पेटी व पाय छापले, तर सुमारे ३०० ग्रॅम फिलामेंट पुरतं. ताशी ३०-४० ग्रॅम वेगाने चार प्रिंटरवर तीनेक तासांत सगळं हाती. इथे चिकटवणं नाही, त्यामुळे २४ तासांचा दावा खरोखर जमतो.

अट एकच, मटेरियल नीट निवडा. पीएलए हे सर्वसाधारण छपाईचं प्लास्टिक ५५-६० अंशांना मऊ पडतं. उन्हात ठेवलेला ड्रोन किंवा तापलेली मोटर त्याचा माउंट तिरका करते, मग एक पंखा कलतो आणि ड्रोन सतत एका बाजूला ओढतो. पेटीसाठी पीईटीजी, मोटरजवळ एएसए (ही दोन्ही जास्त उष्णता सोसणारी प्लास्टिकं) किंवा कार्बन मिसळलेलं नायलॉन. नायलॉन मात्र पाणी पितं. पुराच्या हवेत उघडं ठेवलेलं रीळ लावलं की नोझलपाशी बारीक तडतड ऐकू येते, भिंतीत पांढुरके बुडबुडे दिसतात आणि भाग थरांमध्ये हाताने तुटतो. ८० अंशांवर ८ ते १२ तास वाळवल्याशिवाय ते वापरू नये. म्हणून ड्रायर नसलेली पेटी अपुरी समजा. प्रत्येक भाग वजनकाट्यावर ठेवा, ठरलेल्या वजनाहून तीन टक्के हलका निघाला तरी बाद करा. आत पोकळी राहिल्याची ती सगळ्यात स्वस्त तपासणी आहे.

विजेचं गणितही बघा. सगळे बेड एकदम तापवले तर जनरेटर ट्रिप होतो, पाच-पाच मिनिटांच्या फरकाने सुरू करा. त्याहून मोठा भार बॅटरीचा. सहा सेलची १० अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे सुमारे २२० वॉट-तास. आठ बॅटऱ्या एका वेळी तासाभरात चार्ज करायला लावल्या की दोन किलोवॉट तिथेच गेले. मालवाहू विमानाने सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या जास्तीत जास्त ३० टक्के चार्जवर पाठवायचा नियम असल्याने त्या पोहोचल्यावर चार्ज कराव्याच लागतात.

मोटर, ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट), फ्लाइट कंट्रोलर (ड्रोनचा मेंदू), जीपीएस, रेडिओ, कॅमेरा, बॅटरी यांतलं काहीही इथे छापता येत नाही. मोटरीतले निओडिमियम चुंबक तर जगात मोजक्या ठिकाणांहून येतात. सुट्या भागांची पेटी रिकामी झाली की कारखाना बंद. आमचा अंदाज असा: दर ड्रोनमागे पंख्यांचे तीन संच, दर चार ड्रोनमागे एक जादा मोटर-संच, दर पाचांमागे एक ईएससी आणि एक जीपीएस.

जुळणीत दोन चुका वारंवार होतात. स्क्रू सैल होऊ नयेत म्हणून निळं थ्रेडलॉकर (स्क्रूच्या आट्यांत लावायचा चिकट द्रव) सर्रास लावलं जातं, पण एबीएस, एएसए, पॉलिकार्बोनेटवर ते लागलं की तडा जातो. धातूत धातू असेल तिथेच लावा. दुसरी होकायंत्राची. लोखंडी कंटेनरच्या आत किंवा जनरेटरशेजारी कॅलिब्रेशन केलं तर कोन चुकीचे बसतात आणि हवेत गेल्यावर ड्रोन गोल-गोल भरकटतो. दहा-पंधरा मीटर दूर, मोकळ्यावर करा. जीपीएसलाही आत उपग्रह दिसत नाहीत. त्यामुळे बाहेर चाचणीसाठी सपाट जागा हा कारखान्याचाच भाग समजावा. पहिल्यांदा वीज देताना पंखे काढलेले आणि करंट लिमिटर लावलेला असावा.

मग घ्यावा कुणी? ज्या तुकडीचे ड्रोन रोज आपटतात आणि ज्यांना हात, पाय, कॅमेऱ्याचे माउंट सतत बदलावे लागतात, त्यांनी जरूर. ज्यांना पाच-सहा एकसारखे ड्रोन वर्षातून दोनदा लागतात, त्यांनी तयार घेऊन सुटे भाग साठवावेत. बचाव पथकांनी पेट्यांची जात घ्यावी आणि सोबत दोन प्रशिक्षित माणसं: एक प्रिंटरवर, एक सोल्डरिंग-सेटिंगवर.

विक्रेत्याकडे प्रात्यक्षिक मागताना तापवून ठेवलेला प्रिंटर आणि आधीच वाळवलेलं रीळ चालणार नाही, असं बजावा. कुलूपबंद पेटी, थंड जनरेटर, घड्याळ लावा आणि वेळ मोजा ती ड्रोन हवेत दहा मिनिटं स्थिर राहीपर्यंत. मग त्याचा एक हात मुद्दाम काढून घ्या आणि नवा छापून बसवायला किती वेळ लागतो, तेही मोजा.