कुंडी उचलून बघ ना! घरातल्या झाडांचं सामान, दहा महिन्यांनंतर

गेल्या जूनमध्ये उरुळी कांचनच्या नर्सऱ्यांमधून डिकी भरून रोपं आणली आणि त्याच रात्री, अंगावर माती तशीच असताना, मोबाइलवर दिसेल ते बागकामाचं सामान मागवून टाकलं. ११ वस्तूंचा अवजारांचा संच, मातीतली ओल दाखवणारा मॉइश्चर मीटर, पर्लाइट (माती मोकळी ठेवणारे हलके पांढरे खडे), कोकोपीटची (नारळाच्या काथ्याच्या भुशाची) ५ किलोची वीट, नीमतेल, स्प्रे पंप, पाण्याचे काचेचे गोळे, आणखी काय काय. घर पुण्यात, तिसरा मजला, बाल्कनी पश्चिमेला. झाडं २६, त्यातली निम्म्याहून जास्त घराच्या आत. आता मार्च संपत आलाय. यातलं कुठलं सामान हाताशी राहिलं आणि कुठलं माळ्यावर गेलं, ते सांगते.

संचाचं आधी उरकते. ११ वस्तूंपैकी खुरपं तेवढं वापरात आहे. पंजाची मूठ श्रावणातच निखळली. तीन आकारांची फावडी कशाला दिली होती ते अजून कळलेलं नाही, कारण घरातल्या ६ इंची कुंडीत चमचा पुरतो. आमच्याकडे जुना डाव आहे, त्यानंच माती भरते.

आता मीटर. सगळ्यात जास्त विश्वास त्याच्यावर होता आणि सगळ्यात महागात तोच पडला. ३९९ रुपये, बॅटरी लागत नाही, दोन सळया मातीत खुपसायच्या, काटा १ ते १० वर फिरतो. लाल म्हणजे कोरडं, हिरवं म्हणजे ओलसर, निळं म्हणजे ओलं. जुलैत पीस लिलीनं मान टाकली. वरचं कोकोपीट फिकट, कोरडं दिसत होतं. मीटर खुपसला तर काटा तीनवर, म्हणजे लालात. पाणी घातलं. दोन दिवसांनी मान आणखी खाली, काटा पुन्हा तीनवर. पुन्हा पाणी. असं तीनदा झाल्यावर कुंडीला वास यायला लागला, आठवडाभर पाणी न बदललेल्या फुलदाणीसारखा.

रोप बाहेर काढलं. मुळं पांढरी हवीत, ती चहाच्या रंगाची झाली होती. एक मूळ चिमटीत धरून हलकेच ओढलं, तर वरची साल मोज्यासारखी निघून बोटांत आली आणि आत नुसता दोरा उरला. मूळकूज. पाणी कमी पडलं तरी पीस लिली मान टाकते आणि जास्त झालं तरी टाकते. कुजलेल्या मुळांना पाणी ओढताच येत नाही, मग वरची पानं तहानलेलीच दिसणार. हे मला तेव्हा ठाऊक असतं तर!

मीटर असा का वागला ते बघायला एक उद्योग केला. ग्लासभर आरओच्या पाण्यात सळया बुडवल्या. सगळं पाणीच पाणी, तरी काटा जेमतेम हिरव्यात. मग चिमूटभर मीठ टाकलं. काटा सरळ निळ्यात गेला. बिनबॅटरीच्या या मीटरच्या सळ्यांना दोन वेगळे धातू असतात, त्यांच्यात ओलसर मातीतून बारीकशी वीज वाहते आणि काटा ती वीज मोजतो. म्हणजे ओल आणि क्षार यांची खिचडी. नुकतं खत घातलेल्या कुंडीत तो 'ओलं' सांगणार, आणि धुतलेलं कोकोपीट, पर्लाइट, नारळाच्या सालीचे तुकडे अशा पोकळ मिश्रणात सळीभोवती हवाच असली तर 'कोरडं'. साध्या, घट्ट लाल मातीच्या कुंडीत त्यानं अंदाज बरा दिला, ते नाकारत नाही. पण त्याच मीटरवर मातीचा सामू (पीएच) दाखवायचं जे बटण आहे, त्याच्या नादी अजिबात लागू नका. आणि सळ्या मातीत खुपसून ठेवू नका, महिन्याभरात गंजतात.

उपाय सासूबाईंनी सांगितला. मी काटा वाचत बसले होते आणि त्या भाजी निवडत होत्या. "अगं, कुंडी उचलून बघ ना. पाण्याला वजन असतं." मी म्हटलं, "आई, तुम्हाला कसं कळतं पण किती वजन?" तर म्हणाल्या, "कडेवरचं पोर जेवलंय की नाही हे कळतं ना, तसं." मला कळत नव्हतं, म्हणून स्वयंपाकघरातला वजनकाटा घेतला. पीस लिलीची (अर्धी मुळं कापून वाचली ती) ६ इंची प्लास्टिकची कुंडी, पाणी घालून निथळल्यावर १ किलो ४०० ग्रॅम. पाण्याला आलेली असताना ८०० ग्रॅम. १५ दिवस वजन केलं, मग हातालाच सवय झाली. मातीच्या जड कुंड्यांना हे जमत नाही, तिथे आइसक्रीमची लाकडी काडी खोल खुपसून ठेवायची आणि काढून बघायची. ओली काडी गडद दिसते.

झारी मात्र विचार करून घ्या. माझी पहिली झारी फवाऱ्याची, तिनं पानं, भिंत आणि सोफा भिजला, मुळापर्यंत थोडंच गेलं. दुसरी लांब, बारीक चोचीची, दीड लिटरची, ३५० रुपयांना. रोज हातात असते. पाणी घालायचं तर खालच्या भोकातून वाहीपर्यंत, नाहीतर कुंडीचं वजन उतरेपर्यंत घालायचंच नाही.

त्यावरून आठवलं, ताटल्या. कुंडीखालच्या ताटल्या छान दिसतात म्हणून डझनभर घेतल्या आणि पावसाळ्यात त्यांचीच धास्ती घेतली. डेंगीचा एडिस डास अशाच साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो, आणि अंड्यापासून उडता डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. नुसतं पाणी ओतून भागत नाही. अंडी कडेला चिकटून बसतात आणि कोरडी पडूनही महिनोन्महिने तग धरतात. दर रविवारी ताटल्या काथ्यानं घासते. हे काम जमणार नसेल तर ताटल्या घेऊ नका, फरशी पुसा.

कोकोपीटची वीट स्वस्त पडते पण तिचा आवाका ओळखा. मी ती मोठ्या टबात ठेवून पाणी सोडलं आणि फोन घ्यायला आत गेले. पाच किलोचं भिजून साठ लिटरच्या वर होतं. बाथरूमभर तपकिरी चिखल, आणि आमचे हे दारात उभे राहून "किती किलो आणलंस गं?" एक कोपरा तोडून भिजवा, बाकीचं कोरडंच ठेवा. भिजवल्यावर दोन-तीन पाण्यांतून धुवून घ्या, त्यात क्षार असतात. पाण्याचा रंग काळ्या चहावरून फिकट झाला की झालं. पर्लाइट ओतायच्या आधी पिशवीतच पाणी शिंपडा, नाहीतर त्याची धूळ नाकातोंडात जाते. एक भाग पर्लाइट, दोन भाग कोकोपीट, एक भाग गांडूळखत, हे मिश्रण आमच्या घरातल्या झाडांना मानवलं. तुळस आणि कढीपत्त्याला मात्र लाल मातीच हवी.

गणपतीत आठ दिवस गावी होतो. पाणी भरलेले काचेचे गोळे कुंड्यांत उलटे खोचून गेले. शेजारच्या मुलीनं तिसऱ्या दिवशी फोटो पाठवला, गोळे रिकामे. पोकळ मिश्रणातून पाणी सरसर खाली गेलं असणार. दिवाळीत जाताना सुती दोरी वापरली. भिजवलेल्या दोरीचं एक टोक बादलीत, दुसरं मातीत दोन इंच खोल, बादली कुंडीपेक्षा जरा उंचावर. खर्च वीस रुपये आणि एकही रोप गेलं नाही. सुतळी नको, ती कुजते.

नीमतेलाची तक्रार नाही, ते वापरणाऱ्याची आहे, म्हणजे माझीच. नुसतं पाण्यात टाकलं तर वर तरंगतं आणि पंपातून कधी पाणी, कधी तेलाची धार येते. ५ मिली तेलात आधी भांड्यांच्या साबणाचे चार थेंब घोटायचे, मग लिटरभर कोमट पाणी. फवारणी संध्याकाळीच, उन्हात पानं भाजतात आणि तेलाचा गुणही जातो. डिसेंबरात बाटलीत ते तुपासारखं थिजलं होतं. खराब झालेलं नसतं, बाटली गरम पाण्यात ठेवा. वास दोन दिवस राहतो, पाहुणे यायचे असतील तर जपून.

पण पिठ्या ढेकणावर एकटं नीमतेल पुरलं नाही. जास्वंदीवर मुंग्यांची रांग दिसली तेव्हाच ओळखायला हवं होतं, मुंग्या त्याच्या गोड चिकट्यासाठी येतात. पानाच्या बेचक्यात कापसासारखे पांढरे पुंजके. अंगावर मेणाचा थर, पाणी ओघळून जातं. औषधाच्या दुकानातलं ७० टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल कान कोरायच्या कापूसकाडीला लावून एकेक पुंजका टिपला. पहिल्या दिवशी दीड तास लागला. दर आठवड्याला परत, एकूण चार वेळा. मगच गेला. घरातल्या बारीक काळ्या चिलटांसाठी पिवळे चिकट सापळे लावले, ते काम करतात, दिसतात मात्र वाईट.

शेवटी कटर, नर्सरीवाले सिकेटर म्हणतात तो. संचातल्या कात्रीनं जास्वंदीची फांदी चिरडली जायची, कापली जात नव्हती. जानेवारीत एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनाला गेलो होतो, तिथे एका स्टॉलवर हाताळून ४८० रुपयांना घेतला. एक पातं दुसऱ्याच्या बाजूनं घसरत जातं, काप स्वच्छ येतो. रोगट झाड कापलं की पुढच्याआधी पाती अल्कोहोलनं पुसायची. त्यानं मनी प्लांटच्या वेली पेऱ्याच्या खाली कापून आईंनी खिडकीच्या ग्रिलला बाटल्या टांगल्या आणि मुळं फुटली तशा मजल्यामजल्यावर वाटल्या. आता सगळ्यांनाच कापायचंय. कटर सध्या चौथ्या मजल्यावरच्या काकूंकडे आहे. शनिवारी देते म्हणाल्या होत्या, कुठल्या शनिवारी ते मी विचारायला हवं होतं.