ताईंना साडेचार, सोलरला तीन, यंत्राला शून्य

कर्वेनगरातल्या आमच्या सोसायटीची मी खजिनदार. त्याआधी सगळी नोकरी सहकारी बँकेच्या कर्जविभागात झाली. त्यामुळे कोणतीही सेवा घ्यायची म्हटलं की समोरच्याला पैसा नेमका कशाचा मिळणार आहे, हे मी आधी बघते. माहितीपत्रक नंतर. कचरा कोणाला द्यायचा, गच्चीवर सोलर बसवायचं का, खताचं यंत्र घ्यायचं का, हे प्रश्न आता पुण्यातल्या प्रत्येक कमिटीपुढे आहेत आणि आजूबाजूच्या सोसायट्यांचे खजिनदार मला फोन करून तेच ते विचारतात. तेव्हा एकदाच सविस्तर लिहिते. गुण पाचपैकी.

कचऱ्यापासून सुरुवात करू. आमच्याकडे 'स्वच्छ' संस्थेच्या, कचरा गोळा करणाऱ्या दोन ताई येतात. फ्लॅट शंभराच्या आसपास, विंग चार. सकाळी साडेसातला ढकलगाडी गेटातून आत येते. दारोदार बादल्या घेतल्या की दोघी पार्किंगच्या कडेला ताडपत्री अंथरतात आणि सुका कचरा निवडायला बसतात. नवीन राहायला आलेल्यांना हे निवडणं 'घाण' वाटतं. एकांनी तर मीटिंगमध्ये विचारलं, "एवढं पार्किंगमध्ये मांडून कशाला बसायचं? उचलून न्या की सरळ." त्यांना म्हटलं, एकदा दहा मिनिटं शेजारी उभं राहून बघा.

बघण्यासारखंच आहे ते. पुठ्ठा वेगळा, पांढरा कागद वेगळा, वर्तमानपत्र वेगळं. पाण्याच्या बाटल्या एका गोणीत, त्यांची झाकणं दुसऱ्या पिशवीत, कारण प्लॅस्टिकची जात वेगळी आणि भावही वेगळा. दुधाच्या पिशवीला भाव आहे, वेफर्सच्या चकचकीत पाकिटाला जवळजवळ काहीच नाही, कारण त्यात प्लॅस्टिक आणि धातूचे थर एकमेकांना चिकटलेले असतात. ताईंचा हात हे डोळ्यांआधी ओळखतो. पाकीट बोटांत चुरगळलं की आवाजावरून कळतं म्हणे. दुधाची पिशवी आपण कोपरा पूर्ण कापून उघडतो आणि तो इवलासा त्रिकोण ओल्या कचऱ्यात जातो. तिथून तो कोणीही वेचून काढू शकत नाही, थेट खतात जातो. अर्धवट काप द्या, कोपरा पिशवीलाच लटकू द्या. ताईंनी सांगितल्यावर हे मी बोर्डावर लिहिलं, आणि आश्चर्य म्हणजे लोकांनी ऐकलं.

आता पैशाचं. 'स्वच्छ' ही कचरावेचकांची स्वतःची सहकारी संस्था आहे. तिच्या मागे १९९३ साली उभी राहिलेली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत, आणि २००८ पासून महापालिकेशी करार. सदस्य तीन हजारांहून जास्त, त्यात बहुतेक बायका. महापालिका त्यांना पगार देत नाही. घरटी महिन्याचं शुल्क आपण देतो, साधारण एका चांगल्या मिसळीच्या किमतीएवढं, आणि भंगार विकून येणारे पैसे त्यांचे. याचा अर्थ नीट लक्षात घ्या. कचरा चांगला वेगळा झाला तर ताईंची कमाई वाढते. जिथे ठेकेदाराला टनावर पैसे मिळतात, तिथे त्याला सगळं एकत्र आणि शक्य तितकं ओलं-जड हवं असतं. वजनकाट्यावर पुठ्ठा काय आणि भिजलेला पुठ्ठा काय, भिजलेलाच बरा. हा ठेकेदार मनाने वाईट असायची गरज नाही, त्याचा करारच तसा आहे. वेगळा कचरा द्या म्हणून भिंती रंगवण्यावर शहरं खर्च करतात आणि बिल मात्र टनावर काढतात, याचं मला बँकेतल्या माणसाच्या नात्याने फार हसू येतं.

दुसरा फायदा, दारात माणूस येतो. घंटागाडीला बादलीत काय आहे ते दिसत नाही, ताईंना दिसतं. मागे एकदा मला जिन्यात थांबवून म्हणाल्या, "काकू, बी विंगमधनं उघडी काच आलीय. कोणाची ते मला ठाऊक आहे, पण नाव नाही सांगणार. बोर्डावर लिहा तेवढं." दुसऱ्या दिवसापासून काच कागदात गुंडाळून, वर 'काच' असं लिहून यायला लागली. हे काम कोणत्याही ॲपने झालं नसतं.

सॅनिटरी नॅपकिन आणि डायपरचा विषय आपल्याकडे कुजबुजत बोलतात, म्हणून मी मोठ्याने लिहिते. २०१६च्या घनकचरा नियमांपासूनच ते गुंडाळून वेगळे द्यायचे आहेत. पुण्यात 'रेड डॉट'चा प्रघात आहे: कागदात गुंडाळा, वर लाल ठिपका काढा, म्हणजे निवडणाऱ्या बाईला ते उघडून बघावं लागत नाही. संस्थेच्या बायकांनी वापरलेले नॅपकिन गोळा करून ते बनवणाऱ्या कंपन्यांना पत्रासकट पाठवले होते. मला त्या पत्रापेक्षा ते पार्सल फोडणाऱ्या अधिकाऱ्याचा चेहरा बघायला आवडला असता. आमच्या सोसायटीत ठिपका काढणारी घरं अजून निम्मीही नाहीत. शिकलेली माणसं आहेत, लाल पेनही घरात असतं.

अर्धा गुण कापला तो व्यवस्थेचा. इतकी वर्षं शहराचा कचरा उचलणाऱ्या बायकांचा करार २०२० च्या अखेरीस संपला, तेव्हा काही काळ नुसत्या मुदतवाढीवर गाडा चालला. ज्याचं उद्याचं काम पक्कं नाही, त्याच्याकडून आपण दहा वर्षांच्या सवयी लावून घ्यायची अपेक्षा करतो. आणि निवडण्यासाठी डोक्यावर छप्पर असलेली जागा आजही किती ठिकाणी मिळते? आमच्याकडे पार्किंगवरून वाद झालाच होता, तो वर लिहिला. साडेचार.

हे सगळं कशासाठी, असं विचारणाऱ्याला मी उरुळी देवाची आणि फुरसुंगीचं नाव सांगते. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं या दोन गावांच्या उशाशी टाकला गेला. तिथल्या विहिरींचं पाणी गेलं, लोकांनी वारंवार गाड्या अडवल्या, आणि गाड्या अडल्या की चार दिवसांत शहराला घाम फुटायचा. २०१७ मध्ये ही गावं महापालिकेत घेतली, २०२४ मध्ये बाहेर काढून त्यांची वेगळी नगरपरिषद केली. कचरा डेपो मात्र कुठे हलला नाही.

म्हणून ओला कचरा सोसायटीतच जिरवायचा. दिवसाला १०० किलोंपेक्षा जास्त कचरा निघणाऱ्यांवर नियमानेच जबाबदारी आहे. इथे आमच्या कमिटीने, म्हणजे मागच्या कमिटीने, एक यंत्र घेतलं. कोणाचं ते लिहीत नाही. 'चोवीस तासांत खत', स्टेनलेस स्टीलचं, निळ्या दिव्यांचं. माझा विरोध इतिवृत्तात नोंदलेला आहे, ज्यांना हवं त्यांनी पान काढून वाचावं.

गंमत काय आहे बघा. खत व्हायला जीवाणू लागतात आणि जीवाणूंना आठवडे लागतात. चोवीस तासांत होतं ते खत नव्हे, ते वाळवण. यंत्रात हीटर आहे, तो ओल्या कचऱ्यातलं पाणी उडवतो. स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यात ७० टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. आमचा ओला कचरा रोज ५० किलो धरा, म्हणजे ३५ लिटर पाणी. एक लिटर पाण्याची वाफ करायला साधारण ०.७ युनिट वीज लागते, हे कोणतीही कंपनी बदलू शकत नाही. झाले २५ युनिट रोजचे, वर मोटर आणि पंख्याची वीज वेगळी. मी इलेक्ट्रिशियनला सांगून यंत्राला स्वतंत्र मीटर लावून घेतला तेव्हा आकडा ३० च्या पुढेच दिसला. आणि बाहेर आलेली ती तपकिरी भुकटी कुंडीत घालून पाणी घातलं की तिसऱ्या दिवशी वास सुटतो, कारण कुजायचं काम तिथून सुरू होतं. विकणाऱ्याला पैसे यंत्र विकल्याचे मिळाले आणि आता वार्षिक देखभालीचे मिळतात. खत झालं की नाही, याच्याशी त्याचा काय संबंध? शून्य.

यंत्राच्या मागेच आम्ही नंतर विटांचे जाळीदार हौद बांधले. खर्च यंत्राच्या मानाने चिल्लर. थर ओल्या कचऱ्याचा, थर वाळक्या पानांचा, थोडं आंबट ताक, आठवड्याला वरखाली. दीड महिन्यात काळं, मातीच्या वासाचं खत निघतं. वीज शून्य. सांभाळायचं काम आमच्या ताईंपैकीच एक करतात, त्याचे पैसे वेगळे देतो. त्रास होतो तो मे महिन्यात, आंब्याच्या साली आणि कोयी एवढ्या येतात की पानं पुरत नाहीत, पाणी सुटतं आणि अळ्या होतात. अळ्या बघून किंचाळणाऱ्यांसाठी सांगते, त्या कचराच खातात. पानगळीच्या दिवसांत सोसायटीची पानं जाळू नका, पोत्यांत भरून ठेवा, मेमध्ये सोन्याच्या भावाने लागतात.

महापालिकेने वॉर्डावॉर्डांत पाच टनांचे बायोगॅस प्रकल्प काढले, गॅसवर वीज करून रस्त्याचे दिवे लावायचे म्हणून. कल्पना मला आजही पटते. पण त्यातले बरेच रडतखडत चालले, आणि त्याचं एक मोठं कारण तुमच्या-माझ्या बादलीत आहे. पोटात प्लॅस्टिक आणि काटे-चमचे गेल्यावर कोणता प्रकल्प चालेल?

आता विजेकडे. इथे लोक थेट गच्चीवर धावतात. मी आधी जिन्यात गेले. आमच्याकडे जिने आणि पार्किंग मिळून ११० जुन्या ट्यूब होत्या, तांब्याच्या चोकवाल्या, चोकसकट एकेक ५० वॉटची. त्या २० वॉटच्या एलईडी केल्या. रात्रीचे बारा तास धरले तर दिवसाला जवळपास ४० युनिट वाचतात. पार्किंगमध्ये हालचालीवर पेटणारे दिवे लावले, ते आणखी वेगळं. मग पाण्याचा पंप: पाच हॉर्सपॉवरची मोटर तासाला चारेक युनिट खाते, आणि आमचा वॉचमन टाकी भरून वाहिल्याचा आवाज आल्यावर ती बंद करायचा. टाकी भरली की मोटर आपोआप बंद करणाऱ्या साध्या फ्लोट स्विचने तो आवाज बंद झाला. गच्चीवरच्या सोलर हीटरचं गरम पाणी खालच्या मजल्यावर पोचेपर्यंत प्रत्येक घर बादलीभर गार पाणी सोडून देतं, ते पाणीही पंपानेच वर चढवलेलं असतं. पाइपांना वेष्टण घातलं. हे कुठल्याच माहितीपत्रकात नसतं, कारण यात विकण्यासारखं काही नाही.

सोलर त्यानंतर बसवलं, २० किलोवॉट, लिफ्ट-पंप-जिन्याच्या सामाईक मीटरवर. प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत सोसायट्यांना सामाईक वापरासाठी किलोवॉटमागे १८,००० रुपये अनुदान आहे, म्हणजे आमच्या हिशेबाने ३,६०,०००. आपल्याकडे एक किलोवॉट दिवसाला सरासरी चार युनिट देतो. म्हणजे ८० युनिट, पावसाळ्यात बरेच कमी. ट्यूब बदलून वाचले त्याच्या बरोबर दुप्पट, पण खर्च कितीतरी पट. म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी गळती बंद करा, मग जेवढं उरेल तेवढंच सोलर घ्या. उगाच मोठं घेऊ नका. दुपारची जास्तीची वीज ग्रीडला, म्हणजे वीज कंपनीच्या जाळ्यात, जाते आणि बिलात वळती होते हे खरं, पण आर्थिक वर्षाच्या अखेरीस उरलेल्या युनिटना किरकोळ दर मिळतो.

सोलरला पाचपैकी तीनच का? पॅनेल उत्तम चालतात. बसवणारा मात्र बसवून गेला तो गेला. पॅनेल धुण्याचं कलम करारात होतं, धुणारा माणूस नव्हता. कबुतरांनी एका ओळीवर इतकं केलं की त्या ओळीचं उत्पादन दिसण्याइतकं घसरलं, आणि हे कळलं ते मी रोज इन्व्हर्टरवरचा आकडा वहीत लिहीत होते म्हणून. फोन केला की 'साहेब साइटवर आहेत'. इथेही तेच, पैसे बसवण्याचे होते, युनिटचे नव्हते. तुम्ही आता करार करणार असाल तर दोन रस्ते आहेत. एक, गुंतवणूक कंपनीचीच ठेवा आणि तिला युनिटमागे पैसे द्या. कबुतरं मग तिची डोकेदुखी. दोन, स्वतः घ्या, पण दहा-पंधरा टक्के रक्कम पहिल्या वर्षाचं उत्पादन बघितल्यावर द्यायची, असं लिहून घ्या. विक्रेता कुरकुरतो. कुरकुरू द्या.

मिळकतकराच्या सवलतीबद्दल बरेच विचारतात. सोलर, गांडूळखत आणि पर्जन्यसंधारण यांपैकी एक असेल तर पाच टक्के, दोन असतील तर दहा. घ्या, हक्काची आहे, पण प्रकल्प चालू स्थितीत लागतो. माझ्या ओळखीच्या एका सोसायटीत गांडुळांच्या खड्ड्यात गणपतीच्या मखराचं थर्माकोल भरलेलं आहे. तपासणीला कोणी आलं की काय दाखवणार, ते त्यांचं त्यांना माहीत.

राहिलं ते यंत्र. ते रोज गच्चीवरच्या कमाईचा तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग खात होतं, म्हणून ठराव करून बंद केलं आणि देखभालीचा करार वाढवला नाही. विकणाऱ्याने परत घ्यायला नकार दिला. भंगारात काय येईल ते ताईंना विचारलंय. पत्रा चांगला आहे, मोटरमधलं तांबं निघालं तर बरे पैसे होतील, असं त्या म्हणाल्या.