“फॉरमॅट मारू नका” : जुन्या लॅपटॉपच्या दुकानातला अनुभव

जुना लॅपटॉप विकणारा दुकानदार “बाकी काहीही करा, फॉरमॅट तेवढं मारू नका, वॉरंटी जाईल” असं म्हणाला, तर पैसे खिशातच राहू द्या. पुण्यातल्या एका दुकानात मी हे वाक्य ऐकलं. त्यामागे दोन वेगवेगळ्या लबाड्या निघाल्या, आणि दोन्ही अशा की दुकानात बसून विंडोजमध्ये चार टिचक्या मारून सहज दिसू नयेत.

जुनी यंत्रं उघडून बसायचा मला नाद आहे. घरातल्या माळ्यावर मृत मदरबोर्डांचा ढीग आहे आणि त्यावरून घरात होणारी बोलणीही ठरलेली आहेत. त्यामुळे भाच्याला इंजिनिअरिंगसाठी लॅपटॉप हवा झाला तेव्हा ताईनं “तूच बघ” म्हणून काम माझ्याकडे सोपवलं. मी लेनोवोचा थिंकपॅड टी ४८० ठरवला. २०१८चं मॉडेल, पण रॅमच्या दोन्ही पट्ट्या बदलता येतात, दोन बॅटऱ्या असतात आणि मागची तर क्षणात निघते. शिवाय त्यात इंटेलचा आठव्या पिढीचा प्रोसेसर मिळतो. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा आधार संपला, म्हणजे मायक्रोसॉफ्टची नेहमीची अपडेट थांबली, आणि विंडोज ११ इंटेलच्या बाबतीत साधारण आठव्या पिढीपासूनच अधिकृतपणे चालतं. सातव्या आणि आठव्या पिढीच्या यंत्रांच्या भावात फरक पडतो तो यामुळे.

दुकानात एकाच मॉडेलचे दोन लॅपटॉप शेजारी ठेवलेले. आय-५ अठरा हजारांना, आय-७ एकवीस हजारांना. “कंपनी माल आहे साहेब, ए ग्रेड, एका हाताचा.” आय-७वर स्टिकर होता. सिस्टिमच्या पानावरही स्वच्छ लिहिलेलं होतं : कोअर आय-७ ८६५०यू. स्क्रीन, कीबोर्ड, बिजागऱ्या, पोर्ट सगळं ठीक. पैसे दिले.

घरी आल्यावर अर्ध्या डिस्कवर लिनक्स (विंडोजसारखीच दुसरी, फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टिम) टाकावं म्हणून माझा नेहमीचा लिनक्स मिंटचा पेनड्राइव्ह लावला आणि यंत्र त्यावरून चालू केलं. लिनक्सनं प्रोसेसरचं नाव सांगितलं आय-५ ८२५०यू. पुन्हा विंडोजमध्ये गेलो तर आय-७ ८६५०यू. पुन्हा लिनक्स, आय-५. एका यंत्राला दोन नावं.

लिनक्स हे नाव थेट चिपकडून घेतं. विंडोजचं सिस्टिमचं पान मात्र रजिस्ट्रीतली (विंडोजच्या स्वतःच्या नोंदवहीतली) एक नोंद वाचून दाखवतं, आणि ती नोंद हातानं बदलता येते. अडचण एवढीच, की दर वेळी यंत्र चालू होताना विंडोज ती नोंद नव्यानं खरी लिहितं. म्हणजे खोटं टिकवायचं तर कुणीतरी दर वेळी ते पुन्हा लिहायला हवं. ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणारा विंडोजचा टास्क शेड्यूलर उघडला, तर ऑडिओ अपडेट वाटेल अशा नावाचं एक काम तिथे बसलेलं होतं. लॉगिन झालं की ते एक चिमुकली बॅच फाइल (आज्ञांची यादी) चालवायचं आणि नाव आय-७ करून गप्प बसायचं. ते काढून यंत्र पुन्हा चालू केलं आणि आय-७ नाहीसा झाला.

हे ज्यानं केलं त्याला प्रोसेसरमधलं नीट कळतं, हे मान्य करावं लागेल. ८२५०यू आणि ८६५०यू या दोघांनाही चार कोअर आणि आठ थ्रेड, म्हणजे एका वेळी आठ कामं हाताळायची सोय. टास्क मॅनेजरमध्ये आठ चौकोन मोजून समाधान मानणारा गिऱ्हाईक इथे हमखास फसतो. फरक आहे तो कमाल वेगात, ३.४ आणि ४.२ गिगाहर्ट्‌झ, आणि कॅशेत, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या छोट्या मेमरीत. आय-५ला ६ एमबी, आय-७ला ८. टास्क मॅनेजरच्या सीपीयूच्या पानावर खाली बारीक अक्षरात एल-३ कॅशे लिहिलेला असतो. बॅच फाइलनं त्याला हात लावला नव्हता. तिथे ६ एमबीच होता. (खरं सांगायचं तर रोजच्या वापरात या दोन प्रोसेसरांत भाच्याला फार फरक जाणवला नसता. इतक्या बारक्या अंगाच्या लॅपटॉपात दोघंही तापले की वेग उतरवतात. पण तीन हजार जास्त मोजले होते ते नावाचे.)

आता या विंडोजवर विश्वास ठेवायचं कारण नव्हतं. डिस्क पुसली, विंडोज ११ नव्यानं टाकलं, वायफाय जोडलं. पुढचा पडदा आला तो एका कंपनीच्या नावानं स्वागत करणारा. ऑफिसचा ईमेल आणि पासवर्ड द्या, म्हणे. मागे जायला वाट नाही.

याला ऑटोपायलट म्हणतात. मोठ्या कंपन्या आपल्या प्रत्येक लॅपटॉपच्या हार्डवेअरची खूण मायक्रोसॉफ्टकडे नोंदवून ठेवतात. त्या यंत्रावर विंडोज नव्यानं टाकून नेट जोडलं, की ते आपणहून कंपनीच्या ताब्यात जातं. चोरी झाली तर उपयोगी पडणारी चांगली सोय आहे ही. पण नोंद यंत्रात नसतेच, त्यामुळे डिस्क पुसा नाहीतर नवी एसएसडी घाला, काही होत नाही. कंपनीच्या माणसानं ती काढायला हवी, नाहीतर मदरबोर्डच बदलायला हवा. दुकानानं नेट न जोडता साधं लोकल अकाउंट (फक्त त्या यंत्रापुरतं खातं) करून दिलं होतं, म्हणून हे झाकून राहिलं. उद्या भाच्यानं होस्टेलवर रिसेट मारला असता तर परीक्षेच्या तोंडावर त्याच्या हातात तो पडदा आला असता.

त्या कंपनीच्या आयटी विभागाला मी यंत्राचा सिरियल नंबर कळवला. उत्तर आलं आणि तेही सभ्य होतं. यंत्र चोरीचं नव्हतं. जुन्या लॉटबरोबर भंगारवाल्याला विकलेलं होतं, नोंद काढायची राहून गेली होती. सिरियल नंबर असलेलं खरेदीचं बिल पाठवा, काढून टाकतो, असं त्यांनी लिहिलं. माझ्या बिलावर होतं “जुना लॅपटॉप, १ नग”. सिरियल नंबर नाही, जीएसटी क्रमांक नाही. क्यूआर कोडवर दिलेले पैसे कुणा तिसऱ्याच माणसाच्या नावावर गेले होते. यंत्र खरंच चोरीचं असतं तर ते पोलिसांनी जप्त केलं असतं आणि असल्या कागदाच्या जोरावर मी काय सिद्ध करणार होतो? मोबाइल घेताना त्याचा आयएमईआय, म्हणजे ओळख क्रमांक, सरकारच्या संचार साथी पोर्टलवर तपासता येतो. साध्या लॅपटॉपला तो नंबरच नसतो, त्यामुळे बिल हाच काय तो आधार. यंत्राच्या पोटावरचा सिरियल नंबर आपल्यासमोर बिलावर लिहून घ्या. दुकानदार का-कू करू लागला तर उत्तर तिथेच मिळालं.

पैसे देण्याआधी काय बघायचं, तर थिंकपॅड चालू होताना एफ-१ दाबत राहायचं. विंडोजच्याही आधी चालणारा बायोस उघडतो. त्याच्या पहिल्याच पानावर प्रोसेसरचं खरं नाव आणि सिरियल नंबर दिसतो, तो पोटावरच्या स्टिकरशी जुळवायचा. सिक्युरिटीच्या पानावर सुपरवायझर पासवर्ड (बायोसचं कुलूप) लावलेला दिसला तर यंत्र खाली ठेवायचं. तो पासवर्ड कुणाला माहीत नसेल तर लेनोवोच्या म्हणण्याप्रमाणे मदरबोर्ड बदलण्यावाचून इलाज नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, विंडोज तिथल्या तिथे रिसेट करायला लावायचं आणि नेट जोडून पहिला पडदा स्वतः बघायचा. वेळ जातो. चहा मागवावा. दुकानाचं वायफाय “आज बंद आहे” असं हमखास ऐकायला मिळेल, तेव्हा मोबाइलचा हॉटस्पॉट लावावा.

दुकानात परत गेलो तेव्हा मालक म्हणाला, “आम्हाला लॉटमध्ये असाच माल येतो.” बॅच फाइलसुद्धा लॉटमध्येच आली का, विचारलं. मग सॉफ्टवेअर टाकणाऱ्या पोराचं नाव पुढे आलं, तो पोरगा अर्थातच काम सोडून गेलेला. बदली म्हणून दुसरा आय-७ काढून दिला. मी पेनड्राइव्ह पुढे केला तर, “नको साहेब, व्हायरस येतो.” तरी लावला. तोही आय-५.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ला, तक्रार नोंदवली. बिल, दोन्ही पडद्यांचे फोटो आणि त्या शेड्यूलरचा फोटो जोडला. तक्रार क्रमांक मालकाला पाठवल्यावर त्याचा फोन आला. आवाज एकदम मऊ. लॅपटॉप घेऊन या, म्हणाला.

एकोणीस हजार परत मिळाले. दोन हजार कापले, ते विंडोज टाकून दिल्याचे. ते विंडोजही चोरीचंच होतं.