सीओपीडीच्या पेशंटला घरी आणल्यावर कोण हवं: ब्युरोची सिस्टर, व्हिजिटची सिस्टर, की आया? (नागपूरचा अनुभव)

आईला सीओपीडी आहे, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होऊन धाप लागायचा आजार. मागच्या मे महिन्यात तिला धंतोलीतल्या एका दवाखान्यातून सुट्टी झाली तेव्हा आमच्या घरी दोन दिवस एकच वाद चालला होता, की आता घरी कोणाला ठेवायचं. दादा पुण्याहून फोनवर सांगून राहिला होता, पैशाचा विचार करू नको, चोवीस तास सिस्टर ठेव. वहिनी म्हणे एवढ्याची गरज नाही, एक चांगली आया मिळाली तरी भागेल. आणि मी मानेवाड्याच्या घरात कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन देणारं मशीन), नेब्युलायझर, तीन इनहेलर आणि डिस्चार्ज कार्ड घेऊन बसलेली, ते कार्ड आम्हाला दोन मिनिटांत समजावून हातात दिलं होतं. आईने आयुष्यात कधी बिडी-सिगरेट ओढली नाही, काटोलकडच्या गावात तीस वर्षं चुलीवर स्वयंपाक केला, तेवढ्यानेच फुप्फुसं गेली. अशा बायका आपल्याकडे खूप आहेत, म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते.

आधी एक गोष्ट, जी मला उशिरा कळली. या आजारात घरी आल्यावर इंजेक्शन-सलाईनचं काम जवळपास नसतं. स्टिरॉइडच्या गोळ्या बहुतेकदा पाचच दिवसांच्या असतात, अँटिबायोटिकही तसंच थोडे दिवस. खरं काम असतं इनहेलर बरोबर घेतोय का, ऑक्सिजन किती लिटरवर ठेवायचा, बेडक्याचा रंग बदलला का, पेशंट चालतोय का नुसता पलंगावर आहे, जेवतोय का. म्हणजे शिकवण्याचं आणि लक्ष ठेवण्याचं काम. सुट्टीनंतरचे पहिले काही आठवडे सगळ्यात नाजूक, पुन्हा ॲडमिट व्हायची वेळ बऱ्याचदा याच काळात येते. म्हणून कोणाला ठेवायचं हे ठरवताना त्या माणसाला शिकवता येतं का हे पहिले बघा, किती तास बसेल हे नंतर.

आता ब्युरोची, म्हणजे सिस्टर पुरवणाऱ्या एजन्सीची सिस्टर. रामदासपेठ, धंतोली, मेडिकल चौक या भागात विचारलं की दोन-चार नंबर मिळतातच. आम्हाला १२ तासांच्या जीएनएम सिस्टरचे १३०० रुपये सांगितले होते, म्हणजे दिवस-रात्र धरून तीन आठवड्यांचे ५४,६०० झाले असते. एवढे देताना एक गोष्ट नक्की विचारा की येणारी मुलगी खरंच जीएनएम आहे का. जीएनएम हा नर्सिंगचा तीन वर्षांचा कोर्स, बीएस्सी चार वर्षांचा, एएनएम दोन वर्षांचा, आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन असतं, ते बघायला मागितलं तर खऱ्या सिस्टरला राग येत नाही. आम्ही तीन रात्री ठेवली होती. मुलगी मेहनती होती, प्रामाणिक होती, पण आधी ऑपरेशनच्या पेशंटचीच कामं केलेली, स्पेसर (इनहेलरला जोडायची नळी) तिने पहिल्यांदा आमच्याच घरी हातात घेतला. यात तिचा काय दोष, तिला कोणी शिकवलंच नव्हतं. मात्र बायपॅप (मास्कमधून दाबाने हवा देणारं श्वासाचं मशीन) घरी दिलं असेल आणि पेशंट रात्री मास्क ओढून काढत असेल, तर पहिल्या चार-पाच रात्री सिस्टर ठेवाच, तिथे पैसे वाचवू नका. मास्क ढिला झाला की हवा डोळ्यात जाते, पेशंट वैतागतो आणि मशीन कोपऱ्यात पडतं.

दुसरा पर्याय व्हिजिटची सिस्टर. काही दवाखाने स्वतःची सिस्टर घरी पाठवतात, होमकेअरवाल्या कंपन्याही पाठवतात, आणि छातीच्या डॉक्टरांना थेट विचारलं तर त्यांच्याच ओपीडीतली एखादी अनुभवी सिस्टर ड्युटी संपल्यावर यायला तयार असते. आमच्याकडे अशीच आली, ५०० रुपये व्हिजिट, तीन आठवड्यांत सहा व्हिजिट. पहिल्याच दिवशी ती बसली, पाणी घेतलं आणि म्हणाली, "काकू, तुम्ही पंप कसा घेता ते मला दाखवा." आईने रोटाहेलरमध्ये, म्हणजे पावडरच्या इनहेलरमध्ये, कॅप्सूल टाकली, फिरवली, तोंडाला लावली आणि ओढायच्या आधी त्यातच फूं करून श्वास सोडला. पावडर उडून साडीवर पडली, उन्हाच्या तिरपेत स्पष्ट दिसली. सिस्टरने कॅप्सूल काढून दाखवली, अर्धी भरलेली. तीन वर्षं आई अर्धं औषध हवेत सोडत होती आणि आम्ही दर वेळी डॉक्टरला म्हणत होतो की औषध लागू पडत नाही. मग सिस्टरने तोंड उघडायला लावलं, जिभेवर पांढरे चट्टे, कारण स्टिरॉइडचा पंप घेतल्यावर चूळ भरायची हे कोणी सांगितलंच नव्हतं. आई म्हणाली, "काऊन बाप्पा, तीन वर्षं कोणी बोललं नाई?" मला त्या दिवशी रडू आलं.

त्या पाऊण तासात तिने आणखी काय काय केलं ते सांगते, म्हणजे व्हिजिटला बोलावलं तर काय अपेक्षा ठेवायची ते कळेल. जुन्या-नव्या गोळ्या एका डब्यात होत्या, त्या वेगळ्या केल्या. ओठांचा चंबू करून हळूहळू श्वास सोडायला शिकवलं. पलंगापासून संडासापर्यंत चालवलं, आधी आणि नंतर बोटाला ऑक्सिमीटर लावला. कॉन्सन्ट्रेटरची जाळी धुवायला सांगितली, बाटलीतलं पाणी रोज बदलायचं आणि डिस्टिल्डच वापरायचं हे सांगितलं. आणि फ्रिजवर एक कागद चिकटवला: बेडका वाढला किंवा पिवळा-हिरवा झाला तर डॉक्टरला फोन, झोप फार येतेय, असंबद्ध बोलतेय किंवा ओठ निळे पडले तर वाट बघायची नाही, १०८.

तिसरा पर्याय आया. आम्ही १२ तासांची मावशी ठेवली, ६०० रुपये रोज. अंघोळ, जेवण, संडासला नेणं, पाठ चोळून देणं, हे जितक्या मायेने मावशीने केलं तितकं आम्हाला कोणालाच जमलं नसतं. पण एक रात्र सांगायलाच हवी. डॉक्टरांनी ऑक्सिजन १ लिटर लिहिला होता. रात्री ऑक्सिमीटरवर ८९ दिसलं, मावशीला कोविडच्या वेळचं ९५ डोक्यात, तिने काळजीपोटी चार लिटर केला. सकाळी आई उठेना, डोकं दुखतंय म्हणे, बोलणं जड. व्हिजिटच्या सिस्टरला फोन केला, ती म्हणाली लगेच परत एकवर आणा आणि दवाखान्यात न्या. रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढला होता. सहा तास ठेवून घरी सोडलं, थोडक्यात निभावलं. ज्या सीओपीडी पेशंटला कार्बन डायऑक्साइड साठायची सवय असते त्यांचं सॅच्युरेशन (ऑक्सिमीटरवरचा आकडा) ८८ ते ९२ मध्येच ठेवतात, जास्त ऑक्सिजन त्यांना बाधतो. चूक आमची होती, मावशीला कोणी सांगितलंच नव्हतं. म्हणून आया ठेवणार असाल तर मशीनच्या काट्याजवळ लिटरचा आकडा मोठ्या अक्षरात चिकटवा आणि फिरवायचा हक्क घरातल्या एकाच माणसाकडे ठेवा.

सरकारी मार्गाचं थोडक्यात. मेडिकल (सरकारी मेडिकल कॉलेजचा दवाखाना) आणि मिहानमधलं एम्स, दोन्हीकडे छातीच्या आजाराचा विभाग आहे, डॉक्टर चांगले, खर्च अगदी कमी. पण घरी सिस्टर येईल ही आशा ठेवू नका, पेशंटलाच रांगेत न्यावं लागतं, आणि धाप लागणाऱ्या माणसाला मेमध्ये ऑटोत बसवून नेणं काय असतं ते नेणाऱ्यालाच माहीत. गावात आशाताई सीबॅक फॉर्म (आजारांचा धोका तपासायची प्रश्नावली) भरतात, त्यात स्वयंपाकाचं इंधन कोणतं हेही विचारलेलं असतं, पण सुट्टीनंतरची देखभाल हे त्यांचं काम नव्हे. तरी गावी राहणाऱ्यांनी आशाताईंना सांगून ठेवावं, निदान तब्येत बिघडली तर गाडी लवकर मिळते. ई-संजीवनी या सरकारी सेवेवरून डॉक्टरशी मोबाईलवर बोलता येतं, साध्या शंकांना ते पुरतं.

सिस्टर घरी आल्याने खरंच फरक पडतो का, हे दादाने विचारलं म्हणून मी शोधलं. २०१२ मध्ये कॉक्रेनने (वैद्यकीय अभ्यासांचे आढावे घेणारी आंतरराष्ट्रीय संस्था) ९ अभ्यास एकत्र तपासले होते. पेशंटचा रोजचा जगण्याचा दर्जा थोडा सुधारला, मृत्यू नक्की कमी झाले असं म्हणता आलं नाही, आणि ॲडमिशनबद्दल सगळ्यांचं एकमत नव्हतं, कुठे कमी झालं कुठे वाढलं. त्याच वर्षीच्या दुसऱ्या आढाव्यात ८ अभ्यास होते, त्यात इमर्जन्सीत आलेल्या निवडक पेशंटला दवाखान्याच्या देखरेखीखाली घरी ठेवून सिस्टर पाठवली, तर पुन्हा ॲडमिट होणं कमी झालं. मला यातून एवढंच घ्यावंसं वाटतं की सिस्टरच्या मागे डॉक्टर उभा असला पाहिजे. नुसती सिस्टर येऊन बीपी घेऊन गेली तर पैसे वाया.

मग मी काय निवडलं असतं आज? व्हिजिटची सिस्टर, आणि तिच्यासोबत दिवसाची आया. आमचा तीन आठवड्यांचा हिशोब ३,००० आणि १२,६००, म्हणजे १५,६००, ब्युरोच्या एक तृतीयांशाहूनही कमी. पण घरात रात्री जागणारं कोणीच नसेल, दोघंही म्हातारे असतील, किंवा बायपॅप असेल तर हे गणित लागू नाही, तिथे रात्रीची सिस्टर हवीच. इन्शुरन्सचं आधीच विचारून ठेवा, डिस्चार्जनंतरची औषधं आणि तपासण्या बऱ्याच पॉलिसीत ६० दिवसांपर्यंत मिळतात पण आयाचे पैसे सहसा नाही.

आपल्या नागपूरच्या दोन गोष्टी. कूलरचा वाळा किंवा गवत जुनं असेल तर आधी बदला, बुरशीचा वास येणारी हवा या पेशंटला सोसत नाही, आणि पलंग कूलरच्या सरळ झोतात ठेवू नका. दुसरं, लाईट जाते. कॉन्सन्ट्रेटर साध्या इन्व्हर्टरवर फार वेळ टिकत नाही, म्हणून एक भरलेला सिलेंडर घरी असू द्या आणि तो लावायचा कसा हे पहिल्याच व्हिजिटला शिकून घ्या. देवघरातली उदबत्ती आम्ही बंद केली, आईला वाईट वाटलं, आता नुसतं फूल वाहते.

सुट्टीनंतर एक ते चार आठवड्यांत डॉक्टरला दाखवायचं असतं, ती तारीख आत्ताच घेऊन ठेवा. फिजिओचा फुप्फुसांचा व्यायामही पहिल्या चार आठवड्यांत सुरू झाला तर चांगला. आणि ऑक्सिजन लावून घरी पाठवलं असेल तर दोन-तीन महिन्यांनी परत तपासून घ्या, बऱ्याच जणांना तोवर गरज उरलेली नसते आणि घरचे उगाच मशीनचं भाडं भरत बसतात. आईचं ऑगस्टमध्ये तपासलं, बसल्या जागी ९१ आलं, मशीन त्याच संध्याकाळी परत केलं.