दादांचा कार्यक्रम: बेळगावच्या टिळकवाडीतल्या या मंगल कार्यालयाला पाचपैकी चार तारे

या कार्यालयाच्या दरपत्रकावर लग्न, साखरपुडा, मुंज, बारसं, डोहाळजेवण सगळं छापलेलं आहे. आम्हाला करायचा होता तो कार्यक्रम त्यात कुठेच बसत नव्हता. माझ्या थोरल्या भावाला जाऊन माघात वर्ष झालं. त्याच्या नावाने अभंगांची एक संध्याकाळ करायची, २०० रुपयांची प्रवेशिका ठेवायची आणि जमेल तो पैसा खानापूर तालुक्यातल्या डायलिसिसच्या, म्हणजे किडन्या निकामी झाल्याने मशीनवर रक्त शुद्ध करून घेणाऱ्या, पेशंटांच्या गाडीभाड्याला द्यायचा, असं आम्ही घरच्यांनी ठरवलं होतं.

इथे येण्याआधी दोन ठिकाणी नकार ऐकला. "फोटोला हार घालणार असाल तर नको. मंगल कार्यालय आहे, पुढच्या लग्नवाल्यांना चालत नाही." त्यांची अडचण मला कळते, धंदा त्यावरच चालतो. पण दादाचा फोटो पिशवीत घेऊन दोनदा जिना उतरताना जीव कसानुसा झाला. इथल्या मॅनेजर अण्णांनी वही उघडली, शनिवार बघितला आणि म्हणाले, "रविवारी सकाळी लग्न आहे, आक्का. त्यांना विचारतो आणि सांगतो." दुसऱ्या दिवशी सकाळी नऊलाच फोन आला, त्या घरच्यांची काही हरकत नाही म्हणून. पैसे भरायला गेले तेव्हा वहीत त्यांनी कन्नडमध्ये काहीतरी लिहिलं. मी विचारलं तर वाचून दाखवलं: "दादांचा कार्यक्रम." मग माझ्याकडे बघून, "चिंता माडबेडी (काळजी करू नका), आक्का. सगळं नीट होतंय."

दादा उद्यमबागेतल्या कारखान्यांच्या वसाहतीत फौंड्रीत मोल्डर होता, ओतकामाचे वाळूचे साचे करायचा. आयुष्यभर वाळू आणि तापलेलं लोखंड. भट्टीसमोरचा माणूस पाण्याशिवाय राहत नाही. घरी आला की तांब्या तोंडाला लावून उभ्याउभ्या रिकामा करायचा. २०१८ मध्ये डायलिसिस सुरू झालं आणि दिवसाला एक लिटरची मर्यादा आली, त्यात चहाही धरायचा आणि आमटीही. वहिनी सकाळी बाटली मोजून भरून ठेवायची. उन्हाळ्यात तो बर्फाचा एक खडा जिभेवर ठेवून डोळे मिटून बसायचा. सहा वर्षं मंगळवार आणि शुक्रवार, प्रत्येक वेळी चार तास. तिथेच त्याच्या ध्यानात आलं की सरकारी दवाखान्यात डायलिसिस फुकट होतं, २०१६ पासून गरिबांसाठी केंद्राची योजनाच आहे, पण दवाखान्यापर्यंत पोचायचं काय? खानापूर इथून २५-२६ किलोमीटर, आणि जांबोटी-कणकुंबीकडची गावं रानात पसरलेली. ११ जून २०२३ पासून कर्नाटकात बायकांना साध्या सरकारी बसचं तिकीट नाही, ते चांगलंच झालं. पण मशीनवरून उतरल्यावर बीपी खाली गेलेलं असतं, पाय लटपटतात. त्या अवस्थेत भरलेल्या बसमध्ये उभं कोण राहणार? पुरुष असो की बाई, गाडीच लागते. गाडी परवडत नाही म्हणून डायलिसिसची पाळी चुकवणारी माणसं दादाने शेजारच्या खाटेवर बघितली होती. ती चुकली की पाणी अंगात साठतं, श्वास लागतो, आणि मग रात्री धावाधाव. हे तो आम्हाला सारखं सांगायचा, म्हणून पैसा गाडीलाच द्यायचं ठरलं.

आता कार्यालयाबद्दल.

शनिवारी दुपारी चार ते रात्री दहा असं भाडं १४,००० सांगितलं होतं. कशासाठी आहे ते कळल्यावर ९,००० घेतले. अनामत ५,०००. वीज वेगळी, आणि तिची पद्धत मला फार आवडली: अण्णांनी मला मीटरपाशी नेलं, आकडा माझ्याच हाताने लिहायला लावला, रात्री निघताना पुन्हा तसंच. बिल १,१८० झालं. दुसरा कसला छुपा खर्च नाही. सफाईचे १,००० आधीच सांगितले होते.

स्टेजवर लग्नाचं लाल मखमली सिंहासन असतं, मागे नक्षीचं मखर. आम्ही पोचलो तेव्हा ते तसंच होतं आणि वहिनी दारातच थबकली. मी काही बोलायच्या आत अण्णांनी दोन पोरं बोलावली, सिंहासन मागच्या खोलीत गेलं, मखरावर पांढरी चादर चढली. खाली सतरंजी अंथरली, भजनी मंडळाची पेटी-पखवाज मांडली आणि डाव्या हाताला टेबलावर दादाचा फोटो. ज्यांना असा कार्यक्रम करायचा आहे त्यांनी स्टेज आदल्या दिवशीच मोकळं करून मागावं. आम्हाला सुचलं नव्हतं.

तक्रारी दोन आहेत आणि पहिली गंभीर आहे. हॉल पहिल्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही आणि जिन्याला एकाच बाजूने कठडा आहे. आमच्या कार्यक्रमाला नऊ पेशंट येणार होते. ज्यांच्या हातात फिस्टुला (डायलिसिसच्या सुया टोचण्यासाठी ऑपरेशन करून जोडलेली रक्तवाहिनी) आहे त्यांना त्या हाताने जोर देऊन चढता येत नाही, आणि कठडा नेमका डाव्या बाजूला. एका काकांचा डावा हातच फिस्टुलाचा. माझ्या भाच्याने आणि कार्यालयाच्या एका पोराने त्यांना खुर्चीत बसवून वर आणलं. काका संकोचून गेले, "कशाला त्रास" म्हणत राहिले. त्यांना असं बघून मला फार वाईट वाटलं. तळमजल्यावर जेवणाचा हॉल आहे, तो थोडा लहान आहे, पण कार्यक्रम तिथे घेतला असता तर हे टळलं असतं. बुकिंग करताना पेशंट येणार आहेत हे मी सांगितलं होतं. तेव्हाच कुणीतरी तळमजला सुचवायला हवा होता.

दुसरी तक्रार डेकोरेशनवाल्यांची. आमची वेळ दहापर्यंत होती, पण रविवारच्या लग्नाचे खांब पावणेनऊलाच जिन्यातून फरफटत वर यायला लागले. बरोबर तेव्हाच देणगीदारांची नावं वाचून दाखवणं चाललं होतं. अण्णांना निरोप गेल्यावर थांबले, पण तोवर दहा-बारा नावं कुणाला ऐकूच आली नव्हती. आम्ही ती पुन्हा वाचली.

मोबाइलचं नेटवर्क हॉलच्या आत येत नाही, हेही ध्यानात ठेवा. आम्ही दोन टेबलं मांडली होती, एक रोख आणि पावतीपुस्तकाचं, दुसरं क्यूआरचं. आतल्या टेबलावर लोकांच्या मोबाइलवर चक्र फिरतच राहिलं, एकाचे पैसे दोनदा गेले. शेवटी क्यूआरचं टेबल खाली पोर्चमध्ये नेलं, तिथे झटपट काम झालं. पावत्या मात्र आमच्या नव्हत्या. देणगीवर करात सूट मिळवून देणारी पावती नोंदणी असलेली संस्थाच देऊ शकते, म्हणून पैसे थेट एका नोंदणीकृत ट्रस्टच्या खात्यात घेतले आणि पावतीपुस्तकही त्यांचंच. रोख २,००० च्या वर दिलं तर करात सूट मिळत नाही, हे टेबलावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं. त्यामुळे मोठी रक्कम देणारे आपोआप क्यूआरकडे किंवा चेककडे वळले. प्रवेशिका एका बाजूला मराठीत, दुसऱ्या बाजूला कन्नडमध्ये छापली होती. दवाखान्यातल्या वॉर्डात दोन्ही भाषांची माणसं शेजारी-शेजारी पडलेली असतात, कार्यक्रमालाही तशीच यावीत असं वाटत होतं. कन्नड मजकुरातल्या दोन चुका अण्णांच्या घरच्यांनी काढून दिल्या.

आणि आता स्वयंपाकघर. चौथा तारा खरं तर त्यांचाच. कार्यालयाच्या स्वयंपाकघरात ज्या काकी आहेत त्यांना मी आठवडाभर आधी भेटले. साधं जेवण हवं होतं: भात, आमटी, एक भाजी, कोशिंबीर, मठ्ठा आणि शेवटी कुंदा, कारण बेळगावात पाहुणा कुंद्याशिवाय कसा पाठवायचा. माणशी ८५ रुपये ठरले. पेशंटांचं वेगळं पडेल हेही सांगितलं, मीठ कमी आणि पोटॅशियम कमी. काकींनी मला मध्येच थांबवून विचारलं, "म्हणजे भाजीचं काय करायचं?" मी सांगितलं, बारीक चिरून भरपूर पाण्यात उकडायची आणि ते पाणी ओतून द्यायचं, वहिनी सहा वर्षं तेच करत होती. केळं, नारळपाणी, संत्रं काही नको. काकींनी मान हलवली, काही लिहून घेतलं नाही. मला धाकधूक होती.

कार्यक्रमाच्या दिवशी खाली गेले तर कोपऱ्यात एक वेगळं पातेलं, वर झाकण, झाकणावर पिठाने एक रेघ ओढलेली. "हे त्यांचं," काकी म्हणाल्या. नऊ ताटं त्यांनी स्वतः वाढली, वाढप्यांना हात लावू दिला नाही. सगळ्यांना पाण्याचे मोठे ग्लास होते. या नऊ ताटांपाशी मात्र मठ्ठा नव्हता, लोणचं नव्हतं, आणि पाण्याला चहाचे छोटे कागदी कप ठेवले होते. ते मी सांगितलंच नव्हतं. वहिनीने एक कप उचलला, हातात धरून बराच वेळ बघत राहिली आणि मग काकींच्या पाया पडायला वाकली. काकींनी तिला मध्येच धरलं आणि विचारलं, "तुझं जेवण झालं काय गं?"

साउंड बाहेरून आणला, ५,५०० रुपये. हॉलचं छत उंच आहे, आवाज घुमतो. टाळांच्या गजरात शब्द कळेनात तेव्हा माइक दोनच ठेवले, मग बरं झालं. रेल्वेचं गेट पडल्यामुळे निम्मे लोक वीस मिनिटं उशिरा पोचले, तेवढा वेळ धरूनच सुरुवात ठेवा.

हिशेब सांगते, कारण लोकांनी विश्वासाने पैसे दिले आहेत. २६० जण जेवले, जेवणाचे २२,१०० झाले. हॉल, वीज, सफाई, जेवण आणि साउंड मिळून ३८,७८० रुपये. हा सगळा खर्च आम्ही घरच्यांनी केला. प्रवेशिका आणि देणग्या मिळून १,१८,६०० जमले, ते पूर्ण ट्रस्टकडे गेले. एका गाडीत तीन पेशंट, जाऊन-येऊन १,२०० रुपये, म्हणजे ९८ फेऱ्या. आठवड्याला दोन धरल्या तर तीन माणसांचं जवळजवळ वर्ष.

अनामत रविवारी दुपारी परत मिळाली, लग्नाच्या गडबडीत असूनही अण्णांनी पाकीट तयार ठेवलं होतं. पाचवा तारा मी जिन्यासाठी राखून ठेवला आहे. मालकांनी हे वाचलं तर एवढंच करावं: उजव्या बाजूलाही कठडा बसवावा आणि वयस्कर किंवा आजारी माणसं येणार असतील तर तळमजल्याचा हॉल आपणहून सुचवावा. पुढच्या माघातला शनिवार आम्ही अण्णांच्या वहीत आत्ताच लिहून ठेवला आहे.