फाउंटन हाऊस, न्यू यॉर्क : जिथे माझ्या भावाच्या हातांची गरज होती

माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनियाचे निदान होऊन बारा वर्षे झाली. या काळात आम्ही पाहिलेल्या बहुतेक ठिकाणी त्याचा दिवस दुसऱ्याच कोणीतरी आखलेला असे, आणि त्याच्याकडून भरून घेतलेल्या प्रश्नावल्यांचे पुढे काय झाले हे त्याला कधी कळले नाही. म्हणून मॅनहॅटनमधील पश्चिम ४७व्या रस्त्यावरच्या फाउंटन हाऊसविषयी, म्हणजे मानसिक आजार असलेली माणसे दिवसा एकत्र येऊन काम करतात अशा ‘क्लबहाऊस’विषयी, लिहिताना मी आधी तेथील एक नियम सांगते, कारण या संस्थेचे बहुतेक गुण मला त्यातूनच आलेले दिसतात : कर्मचारी मुद्दाम इतके कमी ठेवायचे की सभासदांच्या मदतीवाचून दिवसाचे काम पार पडूच नये.

येथे येणाऱ्याला रुग्ण म्हणत नाहीत, सभासद म्हणतात. सभासदत्वाला शुल्क नाही, सक्ती नाही आणि मुदतही नाही. १९४०च्या दशकात रॉकलंड येथील सरकारी मनोरुग्णालयात काही रुग्णांनी आपला गट बांधला होता. बाहेर पडल्यावरही एकमेकांना धरून राहण्याच्या त्यांच्या धडपडीतून १९४८ मध्ये ही संस्था उभी राहिली आणि मागच्या अंगणातील कारंज्यावरून तिला नाव मिळाले.

स्वयंपाकघर, बागकाम, स्वागतकक्ष, कार्यालय अशा विभागांत सभासद आणि कर्मचारी शेजारी शेजारी काम करतात. पहिल्या आठवड्यात भाऊ नुसता कोपऱ्यात बसून होता. मग भाजी चिरायला माणूस कमी पडतो आहे म्हणून एका सभासदाने त्याला हाक मारली आणि तो उठला. पुढे तो पंधरा दिवस गेला नाही, तेव्हा चौकशीचा फोन आला तोही दुसऱ्या सभासदाचाच. सांगलीहून आई फोनवर पूर्वी ‘गोळी घेतलीस का’ एवढेच विचारत असे. आता आज स्वयंपाकाला काय होते, किती माणसे जेवली, हेही ती विचारते.

येथे चालणाऱ्या संशोधनातील सभासदांचा सहभाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. प्रश्नावली तयार करण्यापासून आलेली उत्तरे वाचण्यापर्यंत सभासद बरोबर बसतात. महिन्यात किती दिवस घराबाहेर पडला नाहीत, असा एक प्रश्न चर्चेला आला असताना भावाने हरकत घेतली : तो दिवस त्रासाचा होता की विश्रांतीचा, हे विचारल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही. आजार ज्याने भोगला आहे त्यालाच ही फट दिसू शकते.

नोकरीची व्यवस्थाही विचारपूर्वक केलेली आहे. तात्पुरत्या नोकरीची जागा क्लबहाऊसच्या हाती असते. काम साधारण सहा ते नऊ महिन्यांचे आणि अर्धवेळ, पगार नेहमीच्या दराने थेट मालकाकडून मिळतो, आणि सभासदाला एखाद्या दिवशी जमले नाही तर कर्मचारी जाऊन ती पाळी भरून काढतो. मॅसॅच्युसेट्समधील वूस्टर येथे याच पद्धतीच्या क्लबहाऊसची घरोघरी जाऊन सेवा देणाऱ्या उपचारपथकाशी तुलना झाली, तेव्हा क्लबहाऊसमधून नोकरीला लागलेली माणसे अधिक काळ टिकली आणि त्यांची कमाईही अधिक होती. मात्र सेवेशी जोडून राहण्याचे प्रमाण उपचारपथकाकडे जास्त होते.

मर्यादाही सांगायला हव्यात. क्लबहाऊसच्या कामाच्या दिवसात औषधोपचार किंवा मानसोपचार बसत नाहीत, त्यामुळे मानसोपचारतज्ज्ञ वेगळा असावाच लागतो, आणि आजार उफाळलेला असताना रुग्णालयाला पर्याय नाही. सर्व काही ऐच्छिक असल्याने, सकाळी अंथरुणातून न उठणाऱ्या माणसाला बळेच घेऊन जाण्याची अपेक्षा कुटुंबाने ठेवू नये. मला स्वतःला हे स्वीकारायला बराच काळ लागला.

जाण्याचा विचार असेल तर आधी वास्तू दाखवण्याच्या फेरीसाठी नाव नोंदवावे. ती फेरी सभासदच घडवतात. त्या वेळी घरच्यांनी दोन पावले मागे राहावे आणि प्रश्न ज्याला तेथे जायचे आहे त्यालाच विचारू द्यावेत.